सॉक्रेटिस वापरून बघितलं: फुकट आहे, भारी आहे, पण त्या मीटरच्या आकड्यांवर जाऊ नका

सेलेसट्रॅक ही साइट आकाशात सॅटेलाइट शोधत बसणाऱ्यांना नवीन नाही, डॉ. टी. एस. केल्सो 1985 पासून सॅटेलाइटच्या कक्षांचा डेटा लोकांना पुरवतायत, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट यायच्या आधीपासून. पण तिथलाच सॉक्रेटिस नावाचा कोपरा बरेच जण उघडतच नाहीत. (ग्रीसच्या म्हाताऱ्याशी काही संबंध नाही, लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं ओढूनताणून बसवलीयत.) काम एकच, पुढच्या 7 दिवसांत वर कोण कोणाच्या 5 किलोमीटरच्या आत येणार त्याची यादी. 2004 पासून चालू आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत.

दिसायला अगदीच रुक्ष, एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखं टेबल, फिरणारा पृथ्वीचा गोळा वगैरे बघायचा असेल तर निराश व्हाल. नाव किंवा कॅटलॉग नंबर टाकायचा, मग अंतर, धोक्याची शक्यता किंवा वेळ यांच्यानुसार क्रम लावून घ्यायचा. नावापुढे डेब असेल तर ते भंगार, आर/बी म्हणजे वापरून झालेलं रॉकेट. फेंगयुन 1सी डेब असं दिसलं तर तो चीनने 2007 साली स्वतःचाच सॅटेलाइट मिसाइलने उडवला त्याचा तुकडा, कचरा त्यांनी केला आणि चुकवत बसलंय सगळं जग. मला सगळ्यात आवडतो तो दोघांच्या एकमेकांच्या तुलनेतल्या वेगाचा कॉलम. तिथे 14 दिसलं म्हणजे सेकंदाला 14 किलोमीटर, पुणं-मुंबई 11 सेकंदांत, घाटात ट्रकच्या मागे हॉर्न मारण्यात आपला याच्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आता खरी गोम. टेबलात अंतर असं मीटरपर्यंत छापलेलं असतं की वाटतं कोणी टेप लावून मोजलंय. तसं काही नाही. मागचा डेटा म्हणजे टीएलई, दोन ओळींत बसवलेली कक्षा, त्यात मुळातच किलोमीटरभराची चूक असू शकते आणि डेटा जितका शिळा तितकी ती वाढत जाते. सॅटेलाइटने मधेच थ्रस्टर (कक्षा बदलायचं छोटं इंजिन) मारला तर संपलंच. 10 फेब्रुवारी 2009 ला इरिडियम या अमेरिकन कंपनीचा चालू सॅटेलाइट इरिडियम 33 आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस 2251 सायबेरियावर साधारण 790 किलोमीटर उंचीवर धडकले, तेव्हा सॉक्रेटिस सांगत होतं 584 मीटरवरून जातील. आणि त्या आठवड्यात इरिडियमच्याच दुसऱ्या सॅटेलाइटांसाठी याच्यापेक्षा जवळची भाकितं यादीत होती, म्हणजे यादी बघून घाबरायचं ठरवलं असतं तरी भलत्याच जोडीला घाबरलो असतो. दोन हजारांवर तुकडे झाले.

यात साइटचा दोष कमी, उघड मिळणाऱ्या डेटाची मर्यादाच ती. मोठमोठ्या संस्थांचंसुद्धा एकमत होत नाही, नोव्हेंबर 2020 मध्ये आपला कार्टोसॅट-2एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही जवळून गेले तेव्हा रशियाची अंतराळ संस्था रोसकॉसमॉस म्हणाली 224 मीटर, इस्रो म्हणालं 420, आणि 150 च्या आसपास येत असेल तरच आम्ही हलवतो. सॅटेलाइट हलवायचा म्हणजे इंधन जातं, आयुष्य कमी होतं, उगाच कोण हलवेल. इस्रोने 2023 मध्ये अशा 23 वेळा गाड्या बाजूला घेतल्या, आणि चांद्रयान-3 चं उड्डाण धडक टाळण्यासाठीच 4 सेकंद उशिरा केलं. पण हे निर्णय सॉक्रेटिस बघून होत नाहीत हं, त्यांच्याकडे स्वतःच्या सॅटेलाइटची नेमकी कक्षा असते, अमेरिकन स्पेस फोर्सकडून इशारे येतात, ते सगळं ताडून बघतात.

म्हणून धोक्याच्या शक्यतेचा आकडापण जपून वाचा. टीएलईत चूक किती आहे हे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे सॉक्रेटिस सगळ्यात वाईट काय होऊ शकेल ते धरून चालतं. आधी डेटा किती दिवसांचा आहे तो कॉलम बघायचा, मग बाकीचं. मी तर दीड दिवसापेक्षा जुन्या ओळी सरळ सोडून देतो. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवा, नाहीतर पहाटेच चहा घेऊन बसाल आणि ते दोघं एकमेकांना टाळून जातील तोपर्यंत दुपार व्हायला आलेली असेल.

शिकायला, वर ट्रॅफिक किती झालंय ते कळायला 5 पैकी 4 स्टार. अर्धा कापला मीटरच्या त्या फसव्या रुबाबासाठी, अर्धा नवख्याला काहीच समजावून न सांगण्यासाठी. आणि पायथॉन नुकतंच शिकलेल्या पोरांनो, सेलेसट्रॅकचा कक्षांचा डेटा दर मिनिटाला ओढणारी स्क्रिप्ट लावू नका, तो दोन तासांनी बदलतो आणि तेच तेच ओढणाऱ्याचा आयपी ते ब्लॉक करतात, नियम लिहिलेलाच आहे तिथे.