“कर्ज फेडू नका, पैसा कामाला लावा” म्हणणाऱ्याने माझ्या आत्याचे १३ लाख २० हजार बुडवले

नाव लिहीत नाही, कारण लाज वाटते. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात मी २३ वर्षं काम करतो. रोज दुसऱ्यांचे आकडे तपासतो. तरी फसलो. दीड वर्ष हे असं उघडपणे कोणाला सांगितलं नाही. आता लिहितोय, कारण ज्याने मला फसवलं तो माणूस अजून मोकळा फिरतोय आणि नवीन लोक गाठतोय.

माझी आत्या कराडला राहायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही. जून २०२४ मध्ये गेली. तिने मृत्युपत्र केलंय हे मला ठाऊकच नव्हतं, आणि त्यात माझं नाव असेल असं तर स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ९,००,०००, बँकेच्या ठेवींमध्ये ७,२५,००० आणि बचत खात्यात २,१५,०००. एकूण १८,४०,०००. कागदपत्रं, सह्या, हेलपाटे होऊन ऑक्टोबरअखेर पैसे माझ्या खात्यात आले.

आणि माझ्या डोक्यावर कर्ज किती होतं? घराचं बाकी ११,६२,०००, व्याज ९.१ टक्के, हप्ता १७,८५०. वैयक्तिक कर्ज ३,२०,०००, व्याज १४.५ टक्के, हप्ता १०,९००. हे दुसरं कर्ज कारखान्याचे पगार थकले तेव्हा मुलीच्या फीसाठी काढलं होतं, चैनीसाठी नाही. शिवाय बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ९५,००० ला तारण. सगळं मिळून १५,७७,०००. म्हणजे त्याच दिवशी सगळं फेडून टाकलं असतं तरी २,६३,००० हातात उरले असते. ही वजाबाकी मी वहीत लिहून ठेवली होती. ते पान अजून आहे, पण उघडवत नाही.

मी पहिल्यांदा बरोबरच वागलो, हे सांगितलंच पाहिजे. पाटल्या सोडवल्या. मग घराचं कर्ज बंद करायला बँकेत गेलो. तिथल्या माणसाने मला बसवून घेतलं आणि अर्धा तास विम्याची पॉलिसी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. “एवढी रक्कम एकदम कशाला भरता, करसवलत जाईल तुमची,” म्हणाला. कर्ज बंद करायचं पत्र मागितलं तर “पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. त्या दोन आठवड्यांतच घात झाला. तुमच्यावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा : व्याजदर बदलता असेल तर घरकर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही. आणि कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत दिले नाहीत तर बँकेच्या चुकीमुळे होणाऱ्या उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत हे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि “पुढच्या आठवड्यात या” ऐकून घरी येऊ नका.

मला फसवणारा माणूस परका नव्हता. आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, आत्याच्या तेराव्याला जेवायला आलेला. मीच त्याला तिथे बोलून गेलो, की आत्याने माझी काळजी घेतली बघा. ते वाक्य त्याने चार महिने मनात ठेवलं असणार. दिवाळीच्या फराळाला घरी आला आणि म्हणाला, “दादा, कर्ज फेडून हातात काय येतं? शून्य. पैसा कामाला लावा. तुमचा हप्ता तो फेडेल आणि मुद्दल जागच्या जागी राहील.”

महिन्याला ३ टक्के. १५ लाखांवर ४५,०००. माझे दोन्ही हप्ते मिळून २८,७५०. म्हणजे हप्ते भरून १६,२५० वर. त्याने हे माझ्याच वहीत, माझ्याच पेनाने मांडून दाखवलं. वर्षाला ३६ टक्के देणारा माणूस स्वतः बँकेतून ११-१२ टक्क्यांनी कर्ज का काढत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण आकडे गोंडस दिसत होते आणि सांगणारा ओळखीचा होता.

कागदही होते त्याच्याकडे. कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटीचा नंबर, उद्यम नोंदणी, सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाही. जीएसटी नंबर किराणा दुकानालाही मिळतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदलेला सल्लागार किंवा दलाल ठरावीक परताव्याची हमी देऊच शकत नाही. हमी दिली, तिथेच तो खोटा ठरला. सेबीची यादी आणि रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ हे संकेतस्थळ मोबाइलवर पाच मिनिटांत पाहता येतं. मला ते नंतर कळलं.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. विधानसभेच्या मतदानाला दोन दिवस होते. आरटीजीएसने १५ लाख पाठवायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म पाहिला, माझ्या हातातल्या कराराकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, करार कंपनीशी आहे आणि खातं कुठल्या ट्रेडर्सच्या नावावर आहे. ओळखीचे आहेत ना?” तो माझ्या शेजारीच उभा होता. हसून म्हणाला, “ग्रुप कंपनी आहे, मॅडम.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या. परत म्हणाल्या, “काका, नक्की ना?”

आणि मी म्हणालो, “हो, माहितीये मला.”

काही माहीत नव्हतं. चारचौघांत अडाणी दिसू नये एवढ्यासाठी बोललो. ती बाई दोनदा थांबली माझ्यासाठी. फॉर्म परत घेतला असता, घरी येऊन बायकोला विचारलं असतं, एक रात्र मध्ये गेली असती तरी वाचलो असतो. झोप लागत नाही तेव्हा मला तो माणूस आठवत नाही, तो काउंटर आठवतो.

करार ५०० च्या स्टँप पेपरवर होता. १०० च्या पेपरवर करार करणं त्याच सुमारास बंद झालं होतं, तर त्याने “बघा, जादा पैसे घालून पक्कं काम करतो” असंही ऐकवलं. मुदत ११ महिने. आणि मजकुरात ‘गुंतवणूक’ हा शब्द कुठेच नाही. ‘हातउसने घेतले’ असं लिहिलेलं. व्याजाचा उल्लेख नाही. विचारलं तर म्हणाला, “टॅक्सची भानगड नको म्हणून.” मी सही केली. त्या एका शब्दाने पुढे पोलिसांनी मला किती फिरवलं ते खाली सांगतो.

१८ डिसेंबर, ४५,००० जमा. १८ जानेवारी, ४५,०००. फेब्रुवारी, मार्च, तसंच. एकूण १,८०,०००. दर महिन्याला पैसे वेगळ्याच माणसाच्या खात्यातून यायचे, आणि एकदाही टीडीएस कापला नाही. कंपनी व्याज देते तर टीडीएस कापते, हे मी कारखान्यात स्वतःच्या हाताने भरतो! लोकांच्या व्याजावरचा कापतो आणि माझ्या व्याजावर कापला नाही तर मला खटकलं नाही. हातात रोख येत असली की माणूस विचार करत नाही. माझेच पैसे मला परत मिळत होते. माझे नाहीतर माझ्यानंतर अडकलेल्या कोणाचे तरी.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या मोठ्या परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या दागिन्यांच्या दुकानासमोर फसलेले लोक रडताना टीव्हीवर दाखवत होते. मी बायकोला म्हणालो, “लोकांना एवढंही कळत नाही का?” त्या वेळी माझे १५ लाख तशाच जागी होते. त्याच महिन्यात मी मेहुण्याला २,००,००० भरायला लावले. त्याने नको म्हटलं होतं, मीच “माझे येतायत की नियमित” म्हणून पटवलं. त्याला दोन हप्ते मिळाले, १२,०००. त्याचे पैसे मी आता दरमहा ५,००० करून फेडतोय. तो मागत नाही. बहिणीने मात्र बोलणं कमी केलंय.

एप्रिलमध्ये पैसे आले नाहीत. “सर्व्हर बदलतोय.” मग, “मार्चएंडचं ऑडिट.” मग घरी येऊन १५ लाखांचा चेक देऊन गेला, २१ एप्रिलच्या तारखेचा. “टाकू नका मात्र. टाकला तर सिस्टीममधून नाव जाईल, मग व्याजही नाही.” मे गेला, जून गेला. प्रत्येक वेळी “पुढच्या सोमवारी.” २८ जुलैला शेवटी चेक भरला तर बँकेने परत केला, मुदत संपली म्हणून. चेक तीन महिनेच चालतो. वेळेत भरून तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला असता तर बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर १५ दिवस वाट पाहून कलम १३८ खाली कोर्टात जाता आलं असतं. ते दार त्याने माझ्याच हाताने बंद करवलं. तो साडेतीन महिने टाळत नव्हता, दिवस मोजत होता. कोणी चेक दिला आणि “टाकू नका” म्हणाला, तर मुदत उलटायच्या आत टाका. नातं तुटेल ते तुटू दे.

आता पोलीस. ठाण्यातल्या साहेबांनी करार वाचला आणि म्हणाले, “हातउसने आहेत. दिवाणी बाब आहे. वकील करा.” मी म्हणालो, माझ्यासारखे अजून लोक आहेत. “मग त्यांना घेऊन या.” आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर “आधी ठाण्यातून अर्ज येऊ द्या.” ठाण्यात, “वरून आदेश येऊ द्या.” तीन प्रतींत झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह, आत्याच्या मृत्युपत्राची प्रतसुद्धा मागितली. कशाला? आत्याने त्यांचं काय केलं होतं? एका हवालदाराने मला समोर उभं करून विचारलं, “एवढा शिकलेला माणूस, ३ टक्क्यांना भुलला?” मुलगी सोबत होती. ती खाली मान घालून बसली होती. चोराला एकदाही बोलावलं नव्हतं तोवर. बोलावलं तेव्हा तो चहा पिऊन, “देतो साहेब, थोडा वेळ द्या” असा जबाब लिहून गेला, आणि माझा अर्ज ‘चौकशीवर’ राहिला. सात महिने. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तर त्यांनी सांगितलं की ही ऑनलाइन फसवणूक नाही. बँक म्हणाली, सही तुमचीच आहे. सगळ्यांचं बरोबर, चूक माझी एकट्याची!

नंतर एका ओळखीच्या वकिलांनी जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशी ठाण्यात कोणी का सांगितलं नाही? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवावाच लागतो. प्राथमिक चौकशी करायची तर नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) १४ दिवस दिलेत, सात महिने नाहीत. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि कागदावर ‘हातउसने’ लिहिलं म्हणून ते हातउसने ठरत नाही. परताव्याचं आमिष दाखवून अनेकांकडून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाराही कायदा आहे. टपालाची पावती जपून ठेवा. तोंडी बोलून काही होत नाही. माझे सात महिने तोंडी बोलण्यातच गेले.

माझे १३,२०,००० बुडाले. पण हिशेब तेवढाच नाही. त्या १५ लाखांत घराचं आणि वैयक्तिक, दोन्ही कर्जं फिटली असती आणि वर १८,००० उरले असते. आज १४.५ टक्क्यांचं कर्जही चालू आहे आणि घराचंही. वारशाचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले असतील, महामार्गात रान गेलं असेल, तर आधी महाग कर्ज फेडा. १४.५ टक्क्यांचं कर्ज फेडलं की १४.५ टक्के वाचतात, नक्की वाचतात, आणि त्यात कोणाची हमी लागत नाही. पैसे आल्याचं सहा महिने कोणाला बोलू नका. तेराव्याला तर मुळीच नको.

आत्या दर महिन्याला पगारातून ठेव काढायची. तिच्या घरात फ्रिजसुद्धा २००९ मध्ये आला. त्या पासबुकातल्या नोंदी मी पाहिल्यात, ५००, ५००, ७००, १,०००. मला लोभी म्हणा, ऐकून घेईन. पण मला मोटार घ्यायची नव्हती, मला फक्त हप्त्यातून सुटायचं होतं.

आता आम्ही १४ जण एकत्र आलोय, सांगली, मिरज, तासगाव, कराडकडचे. एकत्र अर्ज पोलीस अधीक्षकांकडे दिलाय. तुमच्या करारातही ‘हातउसने’ आणि ‘११ महिने’ लिहिलेलं असेल आणि पैसे कुठल्या तरी ट्रेडर्सच्या खात्यात गेले असतील, तर गप्प बसू नका, तक्रार द्या. आणि मूळ करार कोणाच्या हातात देऊ नका. तो माणूस गेल्या महिन्यापासून “जादा टक्क्यांचा नवा करार करून देतो” म्हणत घरोघरी जाऊन जुने स्टँप पेपर गोळा करतोय. आमच्यातल्या दोघांनी देऊन टाकलेत.