साहिबदीनचं पान आणि पिंगुळीची पोथी

मेवाडच्या महाराणा जगतसिंहासाठी 1649 ते 1653 दरम्यान रामायणाची सचित्र पोथी तयार झाली. तिच्यातलं युद्धकांड चित्रकार साहिबदीनचं. त्याच्या नागपाशाच्या पानावर इंद्रजित एकदाच दिसत नाही: कुठे रावणासमोर, कुठे आकाशातल्या रथातून बाण सोडताना, कुठे विजयी होऊन परतताना. खाली राम-लक्ष्मण बाणांनी जखडलेले, आणि पुष्पकातून सीता ते दृश्य पाहते आहे. चौकटी नाहीत, क्रमांक नाहीत. वाट डोळ्यांनीच शोधायची. शोधता शोधता एकाच नजरेत कपट आणि सीतेचा आकांत दोन्ही येतात, तेव्हा पोटात कालवतं.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगण्याची कला, याच्या उलट चालते. सुटी चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका आख्यानाच्या गठ्ठ्यालाही पोथीच म्हणतात. एका चित्रात सहसा एकच प्रसंग. पुढे काय, ते पुढचं चित्र उचलल्याशिवाय कळत नाही आणि ते कधी उचलायचं हे गाणारा ठरवतो. काळ इथे कागदावर नसून त्याच्या आवाजात असतो.

एकट्याने निवांत बघायला मला साहिबदीन हवा. पण पिंगुळीची चित्रं संग्रहालयाच्या काचेआड मुकी वाटतात. ती गाण्यासोबतच पाहावीत.