नॅस्कार हीट ५: आठ महिने आणि एक झिजलेली स्टिक

'नॅस्कार हीट ५' हा अमेरिकेतल्या नॅस्कार मोटार शर्यतींचा व्हिडिओ गेम. गेल्या महिन्यात त्यातल्या डार्लिंग्टन ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर माझी गाडी आपली आपणच डावीकडे ओढायला लागली. वाटलं टायर गेला. पिटमध्ये चारही बदलले, तरी तेच. लेक म्हणाला, "आई, स्टिकवरचा अंगठा काढ बरं." काढला. गाडी तरीही डावीकडेच. गेम ठीक होता, कंट्रोलर गेला होता.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉनकॉर्डला राहतो. शार्लट मोटर स्पीडवे इथेच आहे, मे महिन्यात ६०० मैलांची शर्यत असते. तरी इतकी वर्षं 'गोल गोल फिरणाऱ्या गाड्या' म्हणून मी तिकडे पाहिलंही नव्हतं. वापरलेली डिस्क १२ डॉलरला दिसली म्हणून घेतली. गेम २०२० चा, कव्हरवर नॅस्कारचा ड्रायव्हर चेस एलियट. त्याच वर्षी तो चॅम्पियनही झाला.

दुरुस्तीवाल्याने कंट्रोलर उघडूनही पाहिला नाही. "रफ वापर" म्हणाला आणि ४५ डॉलर सांगितले. मला फार राग आला. आमच्या घरात वस्तू आपटत नाहीत. १२ डॉलरच्या गेमपायी ४५ डॉलर मी देणार नव्हते. घरी आणून स्वतःच उघडला. अंगठ्याने गाडी वळवायच्या स्टिकखाली कार्बनची बारीक पट्टी असते, तिच्यावर एक पातं घासत राहतं आणि त्यावरून कन्सोलला कळतं की आपण किती वळवलं. सतत एकाच बाजूला घासलं की पट्टी तिथेच झिजते. आणि मी खेळत काय होते? मार्टिन्सव्हिल, ०.५२६ मैलाचा, कागदाच्या क्लिपसारखा ट्रॅक. खऱ्या शर्यतीच्या पंचवीस टक्के अंतर लावलं तरी १२५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन आखूड वळणं. म्हणजे एका शर्यतीत अडीचशे वेळा स्टिक डावीकडे, तीही अगदी टोकापर्यंत दाबून.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, दोन आठवडे बरं चाललं, मग पुन्हा ओढ सुरू. शेवटी सेटिंगमध्ये डेड झोन, म्हणजे स्टिकच्या ज्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो भाग, वाढवला. ओढ थांबली, पण स्टिकची सुरुवातीची हालचाल गेमला कळेनाशी झाली. मार्टिन्सव्हिलला एक वेळ चालतं, डार्लिंग्टनला नाही. तो ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, एक टोक रुंद, एक अरुंद. १९४९-५० मध्ये बांधताना बाजूच्या मासळीच्या तळ्याला धक्का लागू द्यायचा नव्हता, म्हणून. दोन्ही टोकांना वळणाचा अंदाज वेगळा लागतो, उजवी बाजू भिंतीपासून जेमतेम हातभर असते. तिथे स्टिक केसभर हलवता आली पाहिजे.

इथे माझं मत बदललं. इतके महिने मी म्हणत होते की या गेममध्ये टायर फार लवकर जातात. पंधरा-वीस फेऱ्यांत गाडी 'टाइट' होते, वळतच नाही, नाक वर भिंतीकडे सरकतं. गाडीचा सेटअप 'लूज'कडे, म्हणजे जास्त वळेल असा, नेऊन पाहिला, तर मागचं चाक सुटायला लागलं. दोष सेटअपचा नव्हताच. डाव्या वळणात बराच भार पुढच्या उजव्या टायरवर येतो, आणि स्टिक गच्च डावीकडे दाबली की तोच टायर रस्त्यावर फरफटतो. टायर आणि स्टिक, दोन्ही माझ्या एकाच सवयीने झिजत होते.

आता अॅक्सिलरेटर आधी सोडते, गाडीचं नाक आपणहून आत येऊ देते आणि स्टिक अर्ध्यावर ठेवते. सुरुवातीला दर फेरीला वेळ हरते, पण तीस फेऱ्यांनंतर जे पुढे असतात तेच 'टाइट' झालेले असतात. परवा डार्लिंग्टनला एकविसाव्या जागेवरून सातवी आले, भिंतीला एकदाही न लागता. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

नवा कंट्रोलर घेतलाय, चुंबकाच्या सेन्सरचा. त्यात घासणारं काही नसतं. गेमच्या तिप्पट पैसे गेले, ते अजून सलतात. जुना टाकला नाही. स्प्लिट-स्क्रीनला लेक नवा घेतो, मी जुना, आणि मार्टिन्सव्हिलला अजून तरी मीच पुढे असते.