छोट्या पाणीयोजनेला क्लोरीन की यूव्ही? आधी पाइप किती लांब ते बघा

एक बोअर, एक टाकी आणि शे-दोनशे घरं एवढाच पसारा असला की निर्जंतुकीकरणाला काय बसवायचं यावर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो क्लोरीनचा वास येतो, यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) घ्या, दुसरा म्हणतो नुसत्या दिव्याने कुठे जंतू मरतात का. दिव्याने काम होतं, चांगलं होतं. पण मानक काय मागतं ते आधी बघा, निम्मं भांडण तिथेच मिटतं. डब्ल्यूएचओचं म्हणणं साधं आहे, १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) सापडताच कामा नये, आणि हे माणूस पितो त्या पाण्याला लागू आहे, म्हणजे नळाला, तुमच्या मशीनच्या तोंडाला नाही.

यूव्ही इथेच अडतं. दिव्यासमोरून जाताना जंतूचा डीएनए बिघडतो, त्याला पुढे वाढता येत नाही, पण तिथून पाणी पुढे सरकलं की संरक्षण शून्य. पाइपला गळती आहे, पुरवठा बंद असताना प्रेशर गेलं आणि बाहेरची घाण आत ओढली गेली, तर दिवा बिचारा काय करणार. क्लोरीन पाण्याबरोबर नळापर्यंत चालत जातं. ते घालताना अर्धा तास मुरल्यावर निदान ०.५ मिग्रॅ प्रति लिटर उरलं पाहिजे आणि शेवटच्या नळाला निदान ०.२, वरची मर्यादा ५.

आणि मला क्लोरीनची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, ते मोजता येतं. बॅक्टेरियाच्या टेस्टचा रिपोर्ट यायला एक दिवस तरी जातो, तोवर ते पाणी सगळ्यांनी पिऊन झालेलं असतं. डीपीडीची (क्लोरीन तपासायची) गोळी पाण्याच्या नमुन्यात टाकली की दोन मिनिटांत गुलाबी रंग सांगतो काय चाललंय. अर्थात मोजलं तर! कॅनडातल्या वॉकरटनला २००० साली, जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव, पावसाने विहिरीत ई. कोलाय उतरला, क्लोरीन होतं पण रोजचं रीडिंग घेतच नव्हते, वहीत आकडे मनाने भरायचे. ७ माणसं गेली, २३०० च्या वर आजारी पडली.

क्लोरीनचे तोटेही आहेतच. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी त्याला दाद देत नाही, तिथे यूव्ही सरस. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८.५ ला गेला की कामाचं क्लोरीन जेमतेम दहावा हिस्सा उरतं. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिची ताकद उतरते, आणि हिशोब त्यावरच असतो: १०,००० लिटरला लिटरमागे १ मिग्रॅचा डोस म्हणजे १० ग्रॅम क्लोरीन, ३३ टक्क्यांची पावडर असेल तर ३० ग्रॅम, तीच उतरून २० वर आली तर ५० लागते, आणि घालणारा माणूस ३० च घालत बसतो. तळ्याच्या, पालापाचोळ्याच्या पाण्यात क्लोरीनने ट्रायहॅलोमिथेन ही नको असलेली रसायनं तयार होतात तेही धरा, पण त्या भीतीने क्लोरीनच बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

यूव्हीला छोट्या मशीनमध्ये ४० मिलीज्यूल प्रति चौरस सेंमी डोस नेहमीचा, एडिनोव्हायरस या चिवट विषाणूला तो कमी पडतो. पाणी गढूळ नको, १ एनटीयूच्या (गढूळपणाचं माप) खाली असलेलं बरं (हे क्लोरीनलाही लागू आहे बरं का). लोह किंवा क्षार जास्त असले की काचेच्या नळीवर थर बसतो, दिवा निळा दिसत राहतो आणि आपण खूश. दिवा साधारण वर्षाने बदलायचा, पेटतोय म्हणून ठेवायचा नाही. लाइट गेली की पाणी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल तर ती मशीन घेऊच नका.

मग घ्यायचं काय? एकच इमारत, खोल बोअरचं स्वच्छ पाणी, मशीनपासून नळ चार पावलांवर, मध्ये साठवणीची टाकी नाही, तर यूव्ही खुशाल घ्या. गल्लीबोळातून पाइप फिरतोय किंवा पाणी ठरावीक वेळीच सुटतं, तर क्लोरीनच. नदी-तळ्याचं पाणी असेल तर आधी फिल्टर, मग यूव्ही आणि शेवटी क्लोरीन, तिन्ही.

आणि नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यातल्या कशालाही हे दोन्ही हात लावत नाहीत. फ्लोराइड लिटरला १.५ मिग्रॅच्या वर किंवा आर्सेनिक ०.०१ च्या वर असेल तर हा वाद बाजूला ठेवा आणि आधी दुसरा स्रोत मिळतो का ते बघा.