उशी: मेमरी फोमची की सावरीच्या कापसाची?

मान आखडली की डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच सांगतात, उशी बदला. कोणती घ्यायची, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. शोधायला निघालं की दोन टोकं समोर येतात. एक, खोक्यात गुंडाळून येणारी मेमरी फोमची, मध्ये खळगा आणि दोन कडा कमीजास्त उंचीच्या. दुसरी, गादीवाल्याकडे भरून मिळणारी सावरीच्या कापसाची. दोन्ही मी वापरल्यात, दोन्ही अजून घरात आहेत. साध्या कापसाची उशी मी यात धरतच नाही, ती दबून दबून शेवटी वीट होते.

फोमचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. उताणं झोपलं की मानेखालची पोकळी ती छान भरते. कुशीवर कान दुखत नाही. रोज बडवायला नको, आकार मोडत नाही. पहिले काही दिवस रसायनाचा वास येतो, पण तो जातो. ज्यांना रात्री एकाच अंगावर झोपायची सवय आहे, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं घोडं अडलं ते थंडीत. हा फोम उबेला मऊ पडतो आणि गारव्याला कडक होतो, त्याचा धर्मच तो. पुण्यात डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की उशी दगडासारखी नाही, पण जाड रबरासारखी लागते. डोकं वरच राहतं, मान पुढे ढकलल्यासारखी वाटते. डोक्याच्या उबेनं ती हळूहळू खाली बसते, आणि ती बसेपर्यंत आपण कूस बदललेली असते. मग जुना खळगा एकीकडे, डोकं दुसरीकडे, पुन्हा पहिल्यापासून. उलट मे महिन्यात डोकं टेकताक्षणी खोल जातं आणि खांदा वर येतो. उशी एकच, पण ऋतूप्रमाणे तिची उंची बदलते, आणि मानेला नेमकी तीच गोष्ट सोसत नाही. हा फोम 1966 साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी तयार झाला, विमानाच्या आसनांकरता. खुर्चीत पट्टा बांधून बसलेला माणूस रात्रभर कुशी पालटत नाही, असं आपलं मला वाटतं.

सावरीचा तंतू आतून पोकळ, वरून मेणचट. पाणी पटकन धरत नाही, म्हणून पावसाळ्यात ती साध्या कापसाइतकी दमट लागत नाही. तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्यानं त्याचं सूत नीट निघत नाही, त्यामुळे तो पूर्वीपासून भरण्याच्याच कामाचा. थंडी-उन्हाळ्यानं तिच्या उंचीत मला तरी काही फरक जाणवला नाही. आणि उंची तुमच्या हातात असते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उशी उंच वाटली तर कडेची शिवण चार बोटं उसवायची, मूठभर कापूस काढायचा, झोपून बघायचं. काढताना पंखा बंद ठेवा. तो कापूस हातात थांबत नाही, भुवयांना चिकटतो, मधेच एखादं काळं बी बोटाला लागतं. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्याशी सरळ रेषेत येतंय का, एवढं घरच्या कुणाला बघायला सांगा. खांदा रुंद असेल तर जास्त भराव लागतो, उताणं झोपणाऱ्याला कमी.

त्रास हिचेही आहेतच. रोज सकाळी दोन थापटा माराव्या लागतात, नाहीतर गोळे होतात. दोन-चार वर्षांत भुगा व्हायला लागतो, मग नवा भराव आला. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर उसवण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं, त्यांना फोमच सोयीचा. पण सावरीची उशी कुबट वाटली की गच्चीत उन्हात टाकता येते आणि संध्याकाळी फुगून येते. फोम उन्हात पिवळा पडतो, पुढे त्याचा चुरा व्हायला लागतो.

मधला मार्ग म्हणून लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, आहे. थंडीत तो तसा कडक होत नाही, दाबला की लगेच वर येतो. पण वजनाला जड, आणि एकसंध असल्यानं उंची कमी करायची सोय नाही.

मानेतून कळ हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर उशीच्या नादी न लागता डॉक्टर गाठा. नुसती सकाळी मान धरत असेल आणि झोपेत चुळबुळ करायची सवय असेल, तर मी सावरीकडे झुकेन. गादीवाला बहुधा ठासून भरून देतो, कारण गिऱ्हाइकाला गच्च उशी म्हणजे पैसे वसूल वाटतात. त्याला थोडी सैल भरायला सांगा, आणि एका बाजूला मशीनची शिवण न मारता हातानं धावदोरा घालून घ्या. सुरुवातीला ती बाजू उघडावी लागतेच.