दुबईला नेलेला छोटा इलेक्ट्रिक कुकर: घ्यावा की नाही? (लहान पोट्टे असणाऱ्यांसाठी)

आधीच सांगते, बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचतील म्हणून हा कुकर घेणार असाल तर राहू द्या. दुबईत ‘बर दुबई’ नाहीतर ‘करामा’ या भागांकडे गेलं की डोसा, थाळी, पावभाजी, वरणभात सगळं मिळतं अन् आपल्याला झेपेल अशा भावातही मिळतं. कुकर घ्यायचा तो पहाटे पाच वाजताच्या भुकेसाठी. म्हणजे बघा, आपलं घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे. आमच्याकडे नागपूरला प्रतापनगरात दोन्ही पोरं साडेसहाला उठतात, शाळेची सवय, म्हणजे तिथे बरोब्बर पाचला टुणकन उठून बसणार अन् धाकट्याचं सुरू, मम्मा भूक, मम्मा भूक. हॉटेलचा ब्रेकफास्ट साडेसहाला. मधल्या दीड तासात बिस्किटं देऊन देऊन किती देणार, अन् बिस्किटांनी पोट भरलं की मग ब्रेकफास्टला बसून नुसतं ज्यूस पिणार, मग अकरा वाजता मेट्रोत पुन्हा भूक, अन् तिथल्या मेट्रोत खायला मनाई आहे, दंड होतो. हे सगळं डोक्यात होतं म्हणून घेतला.

वस्तू काय आहे तर साधारण सव्वा लिटरचं गोल भांडं, खाली हीटर त्यालाच जोडलेला, वर काचेचं झाकण, दोन बटणं, एक कमी अन् एक जास्त. 600 वॅटचा आहे. आत नॉनस्टिक कोटिंग, बाहेर प्लास्टिकची बॉडी. सोबत वाफवायला एक छोटी जाळी येते. प्रेशर नाही, शिट्टी नाही, नाव कुकर असलं तरी झाकण ठेवलेलं पातेलंच समजा. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात घेतला, पंधराशेच्या आतबाहेर पडला. ऑनलाइन शंभर दोनशे कमी दिसत होता पण मला हातात घेऊन बघायचा होता, अन् बरं झालं, कारण फोटोत सगळे सारखेच दिसतात अन् दुकानात कळतं की कोणाची वायर वितभर आहे अन् कोणाचं झाकण नुसतं हलतं. दुकानदार म्हणे, ले जाओ ना मॅडम, सब दुबईवाले यही ले जाते है. सगळे दुबईवाले काय नेतात ते त्याला कसं माहीत देव जाणे.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारही आहे. तसंही या प्रकारचे कुकर दहा नावांनी विकतात अन् आतून बहुतेक एकसारखेच असतात.

आता मुद्द्याचं, शिजतं काय. मूगडाळीची खिचडी एक नंबर होते. रात्री पोरं झोपली की हॉटेलच्याच चहाच्या कपाने अर्धा कप तांदूळ, पाव कप मूगडाळ धुवून कुकरमध्येच भिजत टाकायचे. पहाटे धाकटा चुळबुळ करायला लागला की उठून तीन कप पाणी, हळद, मीठ, हिंग टाकून जास्तवर लावायचं, उकळी फुटली की कमीवर. भिजवलेलं असल्याने पंचवीस मिनिटांत मऊ होते, वरून तूप अन् मेतकूट. आमची मोठी खिडकीत बसून खाली रस्त्यावरच्या गाड्या मोजत खायची, धाकट्याला अंधारात एक एक चमचा भरवायचा अन् आमचे हे तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेले. खिचडीच्या वासाने पण उठले नाहीत, ते ब्रेकफास्टलाच उठले.

तूरडाळीचं वरण मात्र या कुकरात विसरा. प्रेशरच नाही तर तूरडाळ शिजायला तासाच्या वर जातो अन् तोपर्यंत फेस येऊन येऊन झाकणाखालून सगळं टेबलावर. धाकट्याला वरणच लागतं, म्हणून मी घरूनच तूरडाळ खमंग भाजून मिक्सरमधून रवाळ काढून नेली होती. ती थंड पाण्यात कालवून मग बटण लावायचं, गरम पाण्यात टाकली तर गोळे होतात. पंधरा वीस मिनिटांत वरण तयार, त्यात गूळ हिंग मीठ. चव घरच्या वरणासारखी नव्हती, पण पोट्ट्याने वाटी चाटून पुसून साफ केली, अजून काय पाहिजे. मसूरडाळही लवकर शिजते. उपमा करायचा तर रवा भाजून, फोडणी घालूनच न्यायचा, तिथे नुसतं पाणी उकळून ओतायचं. कुकरमध्ये फोडणी करायला जाऊ नका, मोहरी तडतडली की खोलीभर वास सुटतो. गोळाभात (डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात) करून बघू असं मनात होतं पण ते काही या भांड्याचं काम नाही. जाळीवर अंडी, बटाटे, रताळी छान होतात.

एक संध्याकाळ तर याच्यावरच निघाली. मोठीचं पोट बिघडलं, बाहेरचं काहीच द्यायची हिंमत नाही, मग तांदळाची पेज करून मीठ टाकून थोडी थोडी पाजत बसले. त्या हॉटेलच्या रूम सर्व्हिसच्या मेनूत पिझ्झा होता, बर्गर होता, सूप होतं तेही क्रीमचं. त्या दिवशी नवऱ्याचं "एवढं ओझं कशाला घेतेस" बंद झालं.

आता त्रास सांगते. सगळ्यात मोठा त्रास धुण्याचा. भांडं हीटरला जोडलेलं, वेगळं निघत नाही, त्यामुळे पाण्यात बुडवता येत नाही. बाथरूमच्या बेसिनमध्ये तिरपा धरून, खालच्या प्लगच्या जागी पाणी जाणार नाही असं सांभाळत, एका हाताने घासायचा. खिचडीची पेज काठाच्या रबराखाली जाऊन बसते, ती चमच्याच्या मागच्या टोकाने काढावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास. बेसिनची जाळी शितांनी तुंबते, तर आधी सगळी शितं टिश्यूने पुसून कचऱ्यात टाका, हॉटेलवाल्यांना पण आपल्यामुळे त्रास नको. भांडं वेगळं निघणारे मॉडेल पण मिळतात, थोडे महाग अन् जड असतात, मी परत घेतला तर तोच घेईन, तीनशे चारशे जास्त गेले तरी चालतील.

दुसरं, कमीवर ठेवलं तरी हा बऱ्यापैकी जोरात उकळतो. अर्ध्याच्या वर भरलात की उतू जाणार म्हणजे जाणार. म्हणून सव्वा लिटर लिहिलं असलं तरी दोन लहान मुलांचं होतं, चौघांचं होत नाही.

तिसरं झाकणाची मूठ. दोन तीनदा वापरल्यावरच स्क्रू ढिला. परत आल्यावर कस्टमर केअरला फोन केला तर म्हणतात झाकण वॉरंटीत येत नाही, नवीन मागवा, अन् नवीन झाकण त्यांच्याकडे स्टॉकमध्येच नाही. मग बर्डीवरूनच दहा रुपयांचा स्क्रू आणून बसवला.

काचेचं झाकण बॅगेत फुटेल ही भीती होती, ते टॉवेलमध्ये गुंडाळून कुकरच्या आत उलटं ठेवलं अन् उरलेल्या जागेत डाळीच्या पुड्या कोंबल्या, म्हणजे जागा फुकट गेली नाही. चेक-इन बॅगेत टाकला, मुंबईला कोणी उघडायला लावलं नाही.

हॉटेलचं मात्र आधी विचारा. बऱ्याच हॉटेलांत खोलीत स्वयंपाक चालत नाही. मी बुकिंगच्या आधी मेल टाकला होता की बाळासाठी छोटा इलेक्ट्रिक कुकर वापरला तर चालेल का, त्यांनी हो म्हटलं, तो मेल फोनमध्ये ठेवला. अन् छतावरच्या स्मोक डिटेक्टरच्या बरोबर खाली ठेवू नका, काही डिटेक्टर नुसत्या वाफेनेही बोंबलतात. बाथरूममधला जो दाढीच्या मशीनचा सॉकेट असतो त्यात तर बिलकुल लावायचा नाही, तो एवढ्या वॅटसाठी नसतो. मी टेबलावर भिंतीला चिकटून ठेवायची, वायर टेबलाच्या मागून, कारण अडीच वर्षांच्या पोराला लोंबणारी वायर दिसली की ती ओढायचीच असते. बाहेरच्या बॉडीला चटका बसत नाही हे या कुकरचं खरंच चांगलं आहे.

अन् एक विनंती, हॉटेलच्या पाण्याच्या केटलमध्ये मॅगी, अंडी, दूध काही उकळू नका हो. तुमच्या नंतर कोणीतरी त्यात चहाचं पाणी ठेवणार असतं.

प्लगचं. दुबईला सॉकेट ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या चौकोनी पिनांचा, आपली गोल पिन त्यात जात नाही, अडॅप्टर लागतोच. 600 वॅट म्हणजे आपल्या व्होल्टेजवर अडीच पावणेतीन अँपिअर, तर अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या. बाकी व्होल्टेज आपल्यासारखंच त्यामुळे चिंता नाही. पण माझी जाऊ जपानला जायचं म्हणते अन् हाच कुकर मागत होती, तिला नाहीच म्हटलं. जपानला 100 व्होल्ट. अडॅप्टर लावला म्हणजे पिन बसते, व्होल्टेज बदलत नाही. आपला 600 वॅटचा कुकर तिथे जेमतेम 113 वॅटने चालेल, खिचडी सोडा, पाणी उकळायलाच अर्धा दिवस. अमेरिकेतही 120 व्होल्ट, तिथेही तेच रडगाणं. त्या देशांसाठी दोन्ही व्होल्टेजवर चालणारा बघून घ्यायचा, डब्यावर 100 ते 240 असं लिहिलेलं असतं किंवा मागे स्विच असतो. युरोपात व्होल्टेज आपल्यासारखंच, तिकडे चालेल.

सोबत काय न्यायचं ते कुकरइतकंच महत्त्वाचं. दुबईला खसखस अजिबात नाही, तिकडे ती अमली पदार्थात मोडते, नुसती पुडी नाही तर मसाल्यात दळलेली पण नको. आपल्याकडे सावजी मसाल्यात खसखस असतेच असते, सासूबाईंनी प्रेमाने बरणी भरून दिली होती ती मी गुपचूप फ्रीजच्या मागे सरकवून आले. सुकं खोबरं पण बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन बॅगेत चालू देत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, तर चटणी न्यायची तर शेंगदाण्याची किंवा जवसाची. तिखट अन् तूप हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून ठेवायला लावतात. युरोपला जाणाऱ्यांनी तर तूपच नेऊ नका, तिकडे दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी, त्यामुळे नागपूरची संत्रा बर्फी पण गेली, त्यात खवा असतो. बाळाची दुधाची पावडर न फोडलेल्या डब्यात दोन किलोपर्यंत चालते. तांदूळ डाळ मी थोडीच नेली, बाकी दुबईच्या सुपरमार्केटमध्ये आपले तांदूळ, मूगडाळ, अगदी पोहे पण मिळतात, उगाच वजन करू नका.

कोणी घेऊ नये ते सांगते. किचन असलेला अपार्टमेंट बुक केला असेल तर गरज नाही. ग्रुप टूरवाल्यांबरोबर रोज हॉटेल बदलत जाणार असाल तर नकोच, ओला कुकर रोज बॅगेत कुठे भरणार. मुलं मोठी असतील, ब्रेडबटर खात असतील तरी नको. पण पाच सहा वर्षांच्या आतली मुलं, एकाच हॉटेलात मुक्काम, अन् मुलं वरणभाताशिवाय तोंड उघडत नाहीत अशी केस असेल तर डोळे झाकून घ्या. मी पाचपैकी साडेतीन देते, धुण्याचा अर्धा, झाकणाचा अर्धा अन् उतू जाण्याचा अर्धा कापला.

परत आल्यावर घरी फारसा वापरत नाही, कोणाला हवा असेल तर दुबई, सिंगापूरसाठी उसना देईन, जपानसाठी मागू नका. अन् नवीन घ्याल तेव्हा दुकानातच प्लगला लावून पाणी उकळून दाखवायला सांगा, दोन्ही बटणं दाबून बघा, अन् वॉरंटी कार्डावर शिक्का अन् तारीख तिथल्या तिथे मारून घ्या, नंतर ते देत नाहीत.