डी अँझा की वेस्ट व्हॅली? आधी कॅलेंडर बघा

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफर, एवढं ठरलं की कूपर्टिनो-सनीव्हेलच्या घरांत पुढचा प्रश्न येतोच: जवळचं डी अँझा घ्यायचं की साराटोगाचं वेस्ट व्हॅली? डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे छोट्या टर्मवर चालतं; वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर, म्हणजे लांब टर्मवर.

फीवरून ठरवायला जाऊ नका. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या युनिटला (कोर्स मोजायच्या मापाला) ४६ डॉलर, क्वार्टरच्या युनिटला ३१. सेमिस्टरची ६० युनिटं म्हणजे क्वार्टरची ९०, हिशेब जवळपास तोच. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असाल तरी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झाल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद जमवून ठेवा, म्हणजे रहिवाशांचा दर मागता येतो.

डी अँझाच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. व्हीटीएची ५२३ रॅपिड बस थेट कॉलेजपाशी जाते, त्यामुळे मुलाला गाडी द्यावी लागत नाही. सीएनसी मशीनिंग, ऑटो टेक किंवा नर्सिंग करायचं असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही. क्वार्टरमुळे उन्हाळा धरून वर्षात चार वेळा सुरुवात करता येते. शिवाय फूटहिल कॉलेज त्याच कॉलेज-डिस्ट्रिक्टमधलं आणि क्वार्टरचंच, म्हणून इथे वर्ग भरला तर तिथे जागा शोधता येते. ट्रान्सक्रिप्ट मात्र दोन्हीकडून वेगवेगळं मागवायचं, हे विसरू नका.

तरी आमच्या घरात वेस्ट व्हॅली ठरलं, ते एकाच कटकटीमुळे: तुटणाऱ्या मालिका. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्याला कॅल्क्युलस पूर्ण लागतं. सेमिस्टरच्या कॉलेजात ते साधारण तीन भागांत होतं, डी अँझात १ए ते १डी अशा चार भागांत. फिजिक्सचंही तसंच, ४ए ते ४डी. म्हणजे १ए संपवलं तरी सेमिस्टरवाल्यांचा पहिला भाग पूर्ण झालेला नसतो. अशा वेळी उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात पुढचा भाग घेतला, तर काही धडे दोनदा होतात आणि काही राहूनच जातात. कुठला कोर्स यूसीत कशाच्या बदल्यात धरतात हे सांगणाऱ्या असिस्ट या वेबसाइटच्या तक्त्यात असे कोर्स बऱ्याचदा जोडूनच दिलेले असतात, त्यामुळे अर्धी मालिका केली तर ती कशाच्याच बदल्यात धरली जात नाही. सगळं डी अँझातच करणाऱ्याला हा त्रास नाही. पण अठराव्या वर्षी दोन वर्षांचा बेत जसाच्या तसा पार पडतो, असं मला तरी फारसं दिसलेलं नाही. सॅन होजे स्टेटही सेमिस्टरवर चालतं, आणि वेस्ट व्हॅलीच्या डिस्ट्रिक्टमधलं दुसरं कॉलेज, सांता क्लाराचं मिशन, तेही. तिथे भाग जुळवणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट वेगाची. क्वार्टर परीक्षेसकट बारा आठवड्यांचा, पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच. तापाने एक आठवडा गेला तर तो भरून काढायला जागा उरत नाही.

टॅगची, म्हणजे ट्रान्सफरला यूसीत प्रवेशाची हमी देणाऱ्या योजनेची, मुदतही लक्षात घ्या. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, एकाच कॅम्पससाठी, आणि तोही डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ यांपैकीच. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. अर्ज करताना उन्हाळ्यापर्यंतची सेमिस्टरची ३० किंवा क्वार्टरची ४५ युनिटं झालेली हवीत. वेस्ट व्हॅलीत सप्टेंबर म्हणजे टर्म सुरू असते. डी अँझाचे फॉलचे वर्ग महिनाअखेरीस उघडतात, म्हणून काऊन्सेलरची वेळ ऑगस्टमध्येच घेऊन ठेवलेली बरी.

वेगाने शिकणारी, एकाच कॉलेजात टिकून राहणारी मुलं डी अँझात उत्तम चालतात, आणि अशा मुलाला मी अडवणार नाही. बाकीच्यांसाठी माझं मत वेस्ट व्हॅलीला, साराटोगापर्यंतचा फेरा धरूनही. नाव नोंदवण्याआधी असिस्टवर मुलाच्या पहिल्या दोन पसंतीच्या यूसींचे त्या मेजरचे तक्ते दोन्ही कॉलेजांसाठी उघडा, आणि जिथे दोन-तीन कोर्स एकत्र बांधलेले दिसतील तिथे खूण करा. त्या खुणा ज्या कॉलेजच्या तक्त्यावर जास्त, तिथे मध्येच सोडून जाणं महाग पडेल.